वनविद्या शिकवणाऱ्यांचा इतिहास कुंडल आणि दापोलीत शिकवला जावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या डोंगरी तालुक्यांतून दरवर्षी अनेक मुले-मुली वनरक्षकाच्या भरतीची आणि वनसेवेच्या स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. धावण्याचा सराव, सामान्यज्ञान, वन अधिनियमाची कलमे, व्याघ्र प्रकल्पांची यादी हे सारे ती मनापासून पाठ करतात. काही जण दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयात चार वर्षांची पदवी घेतात, आणि वनक्षेत्रपाल म्हणून निवड झालेले तरुण सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या वन अकादमीत प्रशिक्षणासाठी येतात. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्याने यांपैकी अनेकांशी माझे बोलणे होते. वन अधिनियमाचे १८७८ हे वर्ष विचारले तर ते चटकन सांगतात; पण त्याच वर्षी डेहराडूनची वनशाळा कोणाच्या प्रयत्नांतून उभी राहिली, तिथे कोणी शिकवले, आणि त्या शिकवणीचा धागा पुढे ऑक्सफर्ड आणि येल या विद्यापीठांपर्यंत कसा पोहोचला, हे विचारले तर बहुतेक जण गप्प राहतात. दोष त्यांचा नाही, कारण त्यांच्या हाती पडणाऱ्या पुस्तकांत हा सारा भाग एखाद्या परिच्छेदात आटोपलेला असतो. वनविद्येच्या शिक्षकांचा इतिहास हा सविस्तर विषय म्हणून कुंडल आणि दापोली या दोन्ही ठिकाणी शिकवला जावा, आणि त्यांच्या पद्धतींची पडताळणी आपल्या सातारा-सांगलीच्या डोंगरांवर व्हावी, ही मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हा इतिहास डिट्रिक ब्रँडिस यांच्यापासून सुरू करावा लागतो. १८२४ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरी जन्मलेले ब्रँडिस मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगू प्रांतातील सागवानाच्या जंगलांची देखरेख त्यांच्याकडे आली आणि १८६४ मध्ये ते हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. पेगूतली त्यांची एक हकीकत प्रत्येक वनरक्षकाला ठाऊक असावी अशी आहे. त्या जंगलात सागाची झाडे किती आणि केवढ्या जाडीची आहेत, हे कोणालाच नेमके माहीत नव्हते, आणि ते कळल्याशिवाय दरवर्षी किती झाडे तोडायची हे ठरवणे अशक्य होते. दमट रानात कागद-पेन्सिल घेऊन नोंदी ठेवणे जमत नसे. तेव्हा ब्रँडिस हत्तीवर बसून ठरलेल्या दिशेने रानातून जात, डाव्या हातात चार काठ्या आणि उजव्या हातात चाकू. वाटेच्या दोन्ही अंगांना ठराविक अंतराच्या आत सागाचे झाड दिसले, की त्याच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे ते पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या काठीवर एक खाच पाडत. मुक्कामावर पोहोचून खाचा मोजल्या, की त्या दिवशी पार केलेल्या पट्ट्यातल्या सागाचा हिशेब हाती येई. आज आपल्याकडे उपग्रहांची चित्रे आहेत आणि खिशातल्या मोबाईलवर अक्षांश-रेखांश मिळतात. तरीही ठराविक रुंदीचा पट्टा घ्यायचा, त्यातले प्रत्येक झाड मोजायचे आणि त्यावरून साऱ्या रानाचा अंदाज बांधायचा, हे त्या कामाचे मूळ सूत्र बदललेले नाही.

ब्रँडिस यांच्याच काळात ब्रह्मदेशात टाँग्या पद्धत रुजली. डोंगरावरचे रान तोडून-जाळून फिरती शेती करणाऱ्या करेन लोकांना केवळ हुसकावून न लावता, त्यांच्याच शेतात पिकाबरोबर सागाची रोपे लावून घ्यायची आणि त्याचा मोबदला द्यायचा, अशी ती रीत होती. कोयनेच्या खोऱ्यातही एके काळी कुमरी शेती चालत असे, त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हा प्रसंग परका वाटण्याचे कारण नाही. टाँग्यातून शेवटी लाभ सरकारचा झाला आणि जमीन कसणाऱ्याच्या हाती फारसे काही उरले नाही, ही टीका मला मान्य आहे. परंतु रानातल्या माणसाशी व्यवहार केल्याशिवाय रान टिकत नाही, एवढे तरी त्या अधिकाऱ्याने ओळखले होते.

१८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा सुरू झाली ती ब्रँडिस यांच्या पाठपुराव्यामुळे, आणि तिचा कारभार पहिल्यांदा फ्रेडरिक बेली यांनी सांभाळला. हेच बेली पुढे एडिंबरा विद्यापीठात वनविद्या शिकवू लागले. ब्रँडिस यांच्यानंतर वन महानिरीक्षक झालेले विल्यम श्लिख यांनी १८७५ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ हे नियतकालिक सुरू केले, जे आजही प्रसिद्ध होते. १८८५ मध्ये श्लिख यांनी इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथील महाविद्यालयात वनविद्येचा विभाग उभारला, आणि १९०५ मध्ये तो विभाग त्यांच्यासह ऑक्सफर्डला गेला. डेहराडूनला वनसंवर्धनाचे काम केलेले आर. एस. ट्रूप १९२० मध्ये ऑक्सफर्डचे प्राध्यापक झाले, त्यांच्यामागून एच. जी. चॅम्पियनही डेहराडूनहून त्याच वाटेने तिथे गेले. म्हणजे ऑक्सफर्डसारख्या विद्यापीठाची वनविद्या उभी राहिली ती हिंदुस्थानच्या रानांत अनेक पावसाळे काढलेल्या माणसांच्या बळावर. चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये भारतातल्या वनांचे जे वर्गीकरण मांडले आणि १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्यासह सुधारून पुन्हा प्रसिद्ध केले, त्याचाच आधार घेऊन आजही आपल्या कार्य आयोजना, म्हणजे वन विभागाचे ठराविक वर्षांच्या कामांचे आराखडे, लिहिल्या जातात. महाबळेश्वरच्या जांभूळ-अंजनीच्या ठेंगण्या, दाट रानाला त्या वर्गीकरणात पश्चिमेकडील उपोष्णकटिबंधीय डोंगरी वन म्हणून स्थान आहे. वेण्णा तलावाच्या काठाने फिरणाऱ्या विद्यार्थ्याला हे तिथेच, झाडाखाली उभे करून सांगायला हवे.

निवृत्त होऊन बॉनला परतल्यावरही ब्रँडिस यांनी शिकवणे सोडले नाही. हिंदुस्थानात नोकरीला निघालेल्या तरुणांना ते जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या वनांतून हिंडवत. त्याच काळात गिफर्ड पिंचॉट नावाचा एक अमेरिकन तरुण त्यांच्याकडे सल्ला मागायला आला. त्याच्या देशात तेव्हा वनविद्या शिकवणारी एकही संस्था नव्हती. ब्रँडिस यांनी त्याला फ्रान्समधल्या नान्सीच्या वनशाळेत पाठवले, पुढे स्वतःबरोबर वनांतून फिरवले, आणि तो मायदेशी परतल्यावरही पत्रांमधून त्याला शिकवणे चालू ठेवले. त्या पिंचॉट यांच्या कुटुंबाने १९०० मध्ये येल विद्यापीठाला दीड लाख डॉलरची देणगी दिली आणि येलची वनशाळा सुरू झाली. पेगूच्या सागवानापासून अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरापर्यंत पोहोचलेला हा धागा आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

येलच्या आधी, १८९८ मध्ये, अमेरिकेत दोन ठिकाणी वनशिक्षण सुरू झाले होते. बिल्टमोर येथे कार्ल शेंक यांनी शाळा काढली. शेंक यांचे नाव सुचवणारेही ब्रँडिसच. कॉर्नेल विद्यापीठात बर्नहार्ड फर्नो यांनी चार वर्षांचे वन महाविद्यालय उभारले. फर्नो विद्वान होते, अमेरिकेच्या केंद्र सरकारचा वन विभाग त्यांनी बारा वर्षे सांभाळला होता. परंतु ॲडिराँडॅक डोंगरांत महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकासाठी मिळालेल्या ३०,००० एकर रानात त्यांनी जुनी रुंदपर्णी झाडे सरसकट तोडून त्या जागी सूचिपर्णी झाडे लावण्याचा क्रम आरंभला. आसपासच्या जमीनमालकांनी ओरड केली, प्रकरण राजकारणात गेले, आणि १९०३ मध्ये राज्यपालांनी महाविद्यालयाचे अनुदान नाकारल्यामुळे ते बंद पडले. शास्त्राच्या दृष्टीने फर्नो यांच्याजवळ उत्तरे असतीलही. पण शेजाऱ्यांना विश्वासात न घेता रानात कुऱ्हाड चालवली की काय होते, याचा हा धडा वन अकादमीत पहिल्याच आठवड्यात सांगण्याजोगा आहे.

येलची शाळा टिकली आणि वाढली, याचे मोठे श्रेय मी हेन्री ग्रेव्हज यांना देतो. पिंचॉट यांचे नाव मोठे, त्यांचा संपर्क थेट राष्ट्राध्यक्षांशी. ते अमेरिकेच्या वनसेवेचे प्रमुख झाले आणि १९१० मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्याशी झालेल्या वादातून पदावरून दूर झाले. ग्रेव्हज यांची प्रकृती निराळी होती. म्युनिकला शिकून आलेल्या या माणसाने पहिली दहा वर्षे शाळेची घडी बसवली, झाडांच्या व लाकडाच्या मोजणीवर पाठ्यपुस्तक लिहिले, आणि पिंचॉट गेल्यावर १९१० ते १९२० या काळात वनसेवेचे प्रमुखपद निभावले. त्यानंतर ते १९२२ मध्ये पुन्हा शाळेत परतले आणि १९३९ पर्यंत तिथे अधिष्ठाता राहिले. देशाच्या वन खात्याचे सर्वोच्च पद भूषवलेला अधिकारी पुन्हा वर्गात येऊन सतरा वर्षे शिकवण्याची व्यवस्था सांभाळतो, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच घडते. आपल्याकडचे अनुभवी अधिकारी निवृत्त होतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सारे ज्ञान घरी जाते.

ग्रेव्हज यांच्या गैरहजेरीत, १९१० ते १९२२ या काळात, जेम्स टूमी अधिष्ठाता होते. येलला येण्यापूर्वी त्यांनी ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात वनस्पतिशास्त्र शिकवले होते, आणि म्हणूनच पाण्याकडे त्यांची नजर होती असे मला वाटते. त्यांचा एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. दाट पाइन वनाखाली कोवळी रोपे तग धरत नाहीत, ती का मरतात, हा प्रश्न होता. सर्वसाधारण समज असा की वरच्या फांद्यांमुळे ऊन मिळत नाही, म्हणून मरतात. टूमी यांनी न्यू हॅम्पशायरमधल्या कीन येथील येलच्या वनात एक लहानसा चौकोन आखला आणि त्याच्या भोवती खोल चर खणला. चर खणताना मोठ्या झाडांची त्या चौकोनात शिरलेली मुळे तुटली. मग माती पुन्हा लोटून चर बुजवला. वरची एकही फांदी छाटली नाही, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या जमिनीवर पडणारे ऊन सारखेच राहिले. मुळे पुन्हा आत येऊ नयेत म्हणून चर अधूनमधून नव्याने खणला जाई. काही वर्षांत तो चौकोन रोपांनी आणि झुडपांनी भरून गेला, आणि चराबाहेरची जमीन पूर्वीसारखीच उघडी राहिली. रोपांना मारणारी गोष्ट सावली एवढीच नव्हती. मोठ्या झाडांची मुळे जमिनीतली ओल शोषून घेत होती. असा प्रयोग जर्मनीत फ्रिके यांनी १९०४ मध्ये केला होता, पण टूमी आणि त्यांचे सहकारी कीनहोल्झ यांनी तो वर्षानुवर्षे चालवून, मोजमापांसह १९३१ मध्ये मांडला.

या प्रयोगाला यंत्र लागत नाही, परदेशी उपकरण लागत नाही. कुदळ, फावडे, मोजपट्टी आणि वही एवढ्यावर तो होतो. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत वन विभागाने आणि सामाजिक वनीकरणाने उतारांवर सलग समतल चर खणून जी रोपवने लावली आहेत, तिथे गिरिपुष्प किंवा सुबाभळीच्या दाटीत कडुनिंब, हिवर, बोर यांची रोपे का मागे पडतात, हा प्रश्न माझ्या मनात कायम आहे. तो ऊन कमी पडल्याचा आहे की ओल कमी पडल्याचा, यावर पुढची विरळणी कशी करायची हे ठरते. कुंडलच्या प्रशिक्षणार्थींच्या प्रत्येक तुकडीने असा एक-एक चौकोन आखून पुढच्या तुकडीच्या हवाली केला, तर दहा वर्षांत आपल्याजवळ आपल्या मातीतले उत्तर असेल.

येलचे दुसरे शिक्षक एच. एच. चॅपमन. लुइझियाना राज्यातल्या युरेनिया नावाच्या गावी एका लाकूड व्यावसायिकाच्या रानात ते दरवर्षी वसंत ऋतूत विद्यार्थ्यांची छावणी नेत. तिथे लांब सुयांच्या पाइनची रोपे पहिली काही वर्षे गवताच्या झुबक्यासारखी जमिनीलगत राहतात, वर वाढतच नाहीत, आणि त्यांच्या सुयांवर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडतो. हिवाळ्यात हलकी आग फिरली तर रोगट सुया जळतात, पण मधला कोंब शाबूत राहतो आणि रोप पुढे उसळी घेते, असे चॅपमन यांना दिसले. त्या काळी अमेरिकेची वनसेवा कोणत्याही आगीविरुद्ध मोहीम चालवत होती, आणि चॅपमन यांचे बरेच माजी विद्यार्थी त्याच सेवेत अधिकारी होते. तरीही हाती आलेल्या मोजमापांच्या आधारे चॅपमन आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. चॅपमन यांचे नाव घेऊन आपल्या डोंगरांवरच्या वणव्यांचे समर्थन कोणी करू नये. फेब्रुवारीपासून पुढे साताऱ्याच्या आसपासचे, जावळी-पाटणचे आणि शिराळ्याच्या पश्चिमेचे डोंगर जळताना आपण दरवर्षी पाहतो. नवे गवत चांगले फुटेल या समजुतीने काडी लावली जाते, आणि त्यात घरटी, सरपटणारे प्राणी आणि कोवळी रोपे भस्म होतात. लांब सुयांच्या पाइनला मानवणारी आग हिरडा-जांभळाच्या रोपाला मानवेल असे नाही. चॅपमन यांच्याकडून घ्यायची ती निरीक्षणाची शिस्त. कोणत्या उतारावर, कोणत्या महिन्यात, कोणत्या गवतात आग लागली, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे काय उगवले, याची नोंद आपल्याकडे बीटनिहाय, म्हणजे प्रत्येक वनरक्षकाच्या क्षेत्रागणिक, ठेवली जावी. वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, म्हणजे जाळरेषा, आपण दरवर्षी काढतो. त्यांच्या दोन्ही बाजूंना काय फरक पडला हे मात्र लिहून ठेवत नाही.

लाकडांचे नमुने जगभरातून जमवणारे सॅम्युएल रेकॉर्ड, आणि वनसंवर्धनाचे पाठ्यपुस्तक लिहून ठेवणारे राल्फ हॉली, ज्यांचे पुस्तक पुढे डेव्हिड स्मिथ यांनी आवृत्तीमागून आवृत्ती सुधारत नेले, यांचा येथे केवळ उल्लेख करतो. १९०९ मध्ये येलमधून बाहेर पडलेले ऑल्डो लिओपोल्ड पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले, आणि १९४८ मध्ये शेजाऱ्याच्या शेतातली गवताची आग विझवताना त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल.

हर्बर्ट बोरमन यांच्याविषयी मात्र थांबून लिहिणे भाग आहे, कारण त्यांचे काम कोयनेच्या खोऱ्याशी थेट जोडता येते. जीन लायकन्स आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी १९६३ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक येथे लहान लहान पाणलोटांवर काम सुरू केले आणि १९६६ मध्ये ते येलला आले. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असलेला छोटा बंधारा बांधून, किती पाणी पडले, किती वाहून गेले आणि त्याबरोबर कोणती द्रव्ये गेली, याचे मोजमाप ते ठेवत. एका पाणलोटातली सर्व झाडे तोडून तिथे नवी वाढ होऊ न देता त्यांनी पाहिले, तेव्हा ओढ्याचे पाणी वाढले, आणि त्या पाण्यातून नायट्रेट कितीतरी पटींनी वाहून जाऊ लागले. जमिनीचा कस पाण्याबरोबर निघून चालला होता. उत्तर अमेरिकेतल्या आम्लपर्जन्याचा शोधही याच मोजमापांतून लागला. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाला मिळणारे किती ओढे दाट रानातून येतात आणि किती उघड्या माळावरून! अशा दोन शेजारच्या ओढ्यांवर बंधारे घालून दहा-वीस वर्षे मोजमाप ठेवले, तर जलाशयात येणाऱ्या गाळाबद्दल आज जे अंदाजाने बोलले जाते ते आकड्यांनी बोलता येईल.

येलच्या शाळेला जमिनीचा आधार होता, हेही विसरून चालणार नाही. १९३० पासून तिला कनेक्टिकट राज्यात ७,८४० एकरांचे मायर्स वन मिळाले. ते देणारे जॉर्ज ह्यूइट मायर्स याच शाळेचे माजी विद्यार्थी. पिंचॉट कुटुंबाच्या मिलफर्ड येथील जागेवर उन्हाळी वर्ग भरत. शिक्षकाच्या हाती स्वतःचे रान असेल तरच त्याने लावलेला प्रयोग त्याच्या निवृत्तीनंतरही चालू राहतो. डेहराडूनच्या परंपरेचे बळही तिथल्या कायमस्वरूपी नमुना क्षेत्रांत, म्हणजे वर्षानुवर्षे मोजमापासाठी राखलेल्या रानाच्या तुकड्यांत, होते.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. ज्या १८७८ साली वनशाळा निघाली, त्याच साली आलेल्या कायद्याने गावांचे रानावरचे पिढ्यानपिढ्यांचे हक्क सरकारी परवानगीच्या सवलती होऊन बसले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याला विरोध केला. ज्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना, जंगल खात्याने रान बंद केल्यामुळे गोरगरीब शेतकऱ्याची गुरे, सरपण आणि रानातली फळे-पाने यांवाचून कशी कुचंबणा झाली, हे तळमळीने मांडले. कायद्याच्या आखणीच्या वेळी, साऱ्या पडीक रानावर सरकारची पूर्ण मालकी असावी हा बेडन-पॉवेल या ब्रिटिश अधिकाऱ्याचा आग्रह होता. ब्रँडिस यांना गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने हवी होती, पण त्यांचे पुरेसे चालले नाही. देशातल्या देवरायांची नोंद घेणाऱ्या पहिल्या वनाधिकाऱ्यांतही ब्रँडिस यांचे नाव येते. वनविद्येच्या वर्गात ब्रँडिस आणि जोतीराव हे दोघेही एकाच तासाला शिकवले जावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाला वगळून दुसरा शिकवला, तर एक तर अधिकारी लोकांना पारखा होतो, नाहीतर रानाचे शास्त्र वाऱ्यावर जाते. या परंपरेत स्त्रियांना फार उशिरा प्रवेश मिळाला, हेही सांगितले पाहिजे. भारतीय वनसेवेत पहिल्या महिला अधिकारी आल्या त्या १९८० मध्ये. आज आपल्या जिल्ह्यांत महिला वनरक्षक एकट्याने बीट सांभाळतात.

आपल्या भागालाही या इतिहासात जागा आहे. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ मध्ये त्या पदावर आले तेव्हा वनशाळाच नव्हती. ते पेशाने शल्यचिकित्सक होते आणि पुण्याजवळच्या दापोडीचे वनस्पती उद्यान त्यांनी सांभाळले होते. त्यांच्यामागून आलेले एन. ए. डाल्झेल यांनी सज्जनगड-महाबळेश्वरच्या कड्यांवर आढळणाऱ्या शिंदळमाकुडी या दुर्मिळ वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले आणि तिला बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. हे फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर होते, आणि त्याआधी ते साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, होते. पुण्याच्या ज्या कॉलेजातून आजचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, तिथे एके काळी शेती आणि वनविद्येचेही वर्ग चालत. त्याचे प्राचार्य थिओडोर कुक पेशाने अभियंता असूनही त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात लिहिला, तो स्थानिक नावांसह आजही आमच्या टेबलावर असतो.

आणि कुंडलच्या अगदी जवळ सागरेश्वर आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर लोकांना बरोबर घेऊन रान उभे करण्याचा ध्यास वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी घेतला, आणि १९८५ मध्ये १०.८७ चौरस किलोमीटरचे ते क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मोहिते कोणत्याही विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. तरी ग्रेव्हज आणि टूमी यांच्या प्रकरणाला लागूनच त्यांचे प्रकरण असावे, कारण पाण्याचा बारमाही स्रोत नसलेल्या डोंगरावर कोणती झाडे जगली आणि कोणती गेली, याचे उत्तर ज्या भूमीवर मिळते ती अकादमीच्या दाराशी आहे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. कुंडल अकादमी आणि दापोली महाविद्यालयाने वनविद्येच्या शिक्षकांवर मराठीत एक छोटे पाठ्यपुस्तक तयार करावे. सागरेश्वरात आणि कोयनेच्या खोऱ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याबाहेर, वन विभागाच्या परवानगीने, प्रशिक्षणार्थींसाठी कायमची नमुना क्षेत्रे आखली जावीत आणि त्यांच्या वह्या अकादमीच्या ग्रंथालयात जपल्या जाव्यात. निवृत्त वनाधिकाऱ्यांना आणि रान जाणणाऱ्या वनमजुरांना वर्षातून काही आठवडे मानधन देऊन शिकवायला बोलवावे. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी वन खात्यात नोकरी केलेल्या वडीलधाऱ्यांच्या दौऱ्यांच्या डायऱ्या, जुन्या कूपांचे नकाशे किंवा रोपवाटिकांच्या नोंदवह्या पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत न देता कुंडलच्या अकादमीकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे सोपवाव्यात, आणि आपण आपल्या दैनिकातून तसे आवाहन प्रसिद्ध करावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
सातारा